‘रोल कर’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवरचा, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांवरचा, लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला अर्धं पान मिळालं याचा आनंद आहे. लेखातल्या एका निष्कर्षाशी मात्र माझं भांडण आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखकाने कॅफेत पाहिलेला प्रसंग असा. भुयाराच्या भिंतीवर कोरलेला जुना मंत्रलेख वाचायचा होता. टोळीतल्या जादूगाराने वीस बाजूंचा फासा टाकला, चार पडले, त्याला एक अक्षर लागेना. मग कुऱ्हाडवाला रानगडी म्हणाला, ‘मी पण टाकतो.’ त्याला एकोणीस पडले आणि ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्याने मंत्रलेख घडाघडा वाचून दाखवला. टेबलावर हशा पिकला. त्यावरून लेखक म्हणतात, या खेळात अभ्यासाला आणि सरावाला काडीची किंमत नाही, शेवटी सगळा नशिबाचा मामला; यातून मुलांनी काय घ्यायचं?

प्रसंग खरा असणार. असे डाव मीही पाहिले आहेत. पण घोडं पेंड खातं ते फाशापाशी नाही, ‘रोल कर’, म्हणजे फासा टाक, असं सांगणाऱ्यापाशी.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, आता निवृत्त आहे. कौशल्य कशाला म्हणायचं आणि ते कसं तपासायचं, यातच सारी नोकरी सरली. मुलगी कॉलेजात असताना तिने डंजन्स अँड ड्रॅगन्सची पुस्तकं घरी आणली. तिच्या टोळक्याला डंजन मास्टर (डीएम), म्हणजे खेळ चालवणारा, मिळेना, म्हणून ती माळ माझ्या गळ्यात पडली. पोरं मला डीएम वगैरे म्हणत नाहीत, काकाच म्हणतात. मुलगी भर डावात ‘बाबा, हे चीटिंग आहे’ म्हणते, ते वेगळं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आणि शिकलेल्या विद्येचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज डीएमने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर काम फत्ते. या ठरवलेल्या आकड्याला डीसी म्हणतात. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०, आणि जवळजवळ अशक्य कामाला ३० असा तो दिलेला आहे. फाशाची एकेक बाजू पाच टक्क्यांची. एवढं गणित पुरे.

आता लेखातला मंत्रलेख घ्या. डीसी १५ धरू. नवख्या जादूगाराला त्या विद्येचे +५ मिळतात, म्हणजे त्याला फाशावर १० किंवा वर पडायला हवेत. शक्यता ५५ टक्के. रानगड्याला −१, त्याला १६ किंवा वर हवेत. शक्यता २५ टक्के. इथवर ठीक आहे, शिकलेला दुपटीने पुढे आहे. पण जादूगार चुकल्यावर टोळीतले बाकीचे चौघे एकामागून एक ‘मी पण, मी पण’ करत फासा टाकू लागले आणि डीएमने टाकू दिला, तर चौघांपैकी एकाला तरी जमण्याची शक्यता ६८ टक्के होते. चार अडाणी मिळून एका पंडिताला मागे टाकतात! लेखकाने कॅफेत पाहिलं ते हेच. हशा पिकतो खरा, पण जादूगार खेळणारं पोर आतून खट्टू होतं. त्याने आपल्या पात्राचे आकडे लिहिताना बळ सोडून विद्या घेतलेली असते, आणि त्या सौद्याची किंमत डीएमने एका क्षणात मातीमोल केलेली असते.

यावर उपाय नियमांतच आहेत. माझ्या टेबलावर मंत्रलेख ज्याने ती विद्या घेतली आहे त्यानेच वाचायचा. बाकीच्यांना फासा मिळत नाही. हवं तर एकाने मदत करावी: मशाल धरावी, शेवाळ खरवडून द्यावं. मदत मिळाली की जादूगार दोन फासे टाकतो आणि वरचा धरतो. पंचावन्नाचे ऐंशी टक्के होतात. मदत करणाऱ्यालाही आपण काही केलं असं वाटतं, आणि मंत्र वाचतो तो जादूगारच.

पण याही आधीचा प्रश्न असा, की तिथे फासा हवाच होता का? मंत्रलेख भिंतीवर आहे, तो कुठे पळून जात नाही. मागे कोणी लागलेलं नाही. जादूगाराकडे सबंध रात्र आहे.

माझ्या कार्यशाळेत दोन वर्षं शिकलेल्या पोराला माइल्ड स्टीलचा तुकडा देऊन मी सांगितलं, की चारही बाजू काटकोनात घासून आण, तर तो आणतो. जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, ट्राय-स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून खिडकीकडे धरायचा. पात्याच्या आणि जॉबच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पोरगं मुकाट्याने परत व्हाइसकडे (तुकडा पकडायच्या शिकंज्याकडे) जातं. उंचवटा कुठे आहे ते बघून, फाइल, म्हणजे कानस, तिरकी धरून, पुन्हा चार हात मारतं. दोनदा परत येईल, तिनदा येईल, पण जॉब होतो. शंभरातल्या पंचेचाळीस वेळा त्याला घासताच येत नाही, असं कधी होत नाही. त्याच पोराला कारखान्यात बोलावलं, लाइन बंद पडलेली आहे, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे, आणि दहा मिनिटांत शाफ्टची ‘की’, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणारी खुंटी, घासून बसवायची आहे, तर काय होईल हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही. फासा टाकायचा तो इथे. विद्या तीच, हातही तेच. वेळ आणि धोका बदलला.

हे मी शोधून काढलेलं नाही. २०००मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सरळ नियमच होता: धोका नसेल, घाई नसेल, तर फासा न टाकता दहा पडले असं धरा. आणि वेळ भरपूर असेल, चुकल्याने नुकसान होत नसेल, तर वीस पडले असं धरा, मात्र कामाला वीसपट वेळ लागला असं समजा. मला हा नियम फार आवडतो, कारण वेळ ही किंमत होऊ शकते हे तो पोरांना दाखवतो. कुलूप उघडेलच, पण तोवर मशाल विझत आलेली असेल. पाचव्या आवृत्तीत हा नियम जरा पातळ केला आहे, मी तो जुन्या पद्धतीनेच वापरतो.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण हा उठसूट फासा टाकण्याचा रोग कुठून आला ते त्यात दिसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४मध्ये अमेरिकेत निघाला. त्यात आज ज्याला स्किल चेक, म्हणजे कौशल्याचा फासा, म्हणतात तसं काही सर्वसाधारण तंत्र नव्हतं. सामानाच्या यादीत दहा फुटी काठी होती. ती घ्यायची, पुढची फरशी ठोकत जायचं, आणि काय ठोकलं ते तोंडाने सांगायचं. फरशी पोकळ आहे का हे काठी सांगायची. पुढच्याच वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणी पुस्तकात चोर हे पात्र आलं आणि कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, सावलीत लपणं याला टक्केवारी लागली. मग १९७७च्या ट्रॅव्हलर आणि १९७८च्या रूनक्वेस्ट या दुसऱ्या खेळांत कौशल्यांच्या याद्याच आल्या. यात वाईट काही नाही. पण विद्या एकदा कागदावर चढली, की खेळणाऱ्याची नजर खोलीतून उठून कागदावर जाते. पोरगी विचारते, ‘काका, परसेप्शन (काय दिसतं त्याचा फासा) टाकू?’ मी म्हणतो, ‘कुठे बघतेस ते सांग.’ ती म्हणते, ‘सगळीकडे.’ मी म्हणतो, ‘सगळीकडे कोणी बघत नाही.’ मग ती जरा विचार करते आणि म्हणते, ‘पलंगाखाली.’ पलंगाखाली पेटी ठेवलेली असेल, तर ती दिसते. वाकून बघणाऱ्याला पलंगाखालची पेटी दिसायला फासा कशाला लागतो?

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला, त्यामुळे माझ्या गोष्टीतला किल्ला पोरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. नाव बदललं तरी तो दौलताबादच: भोवती खंदक, तासून गुळगुळीत केलेला कडा, आणि वर जायला ती अंधारी, डोंगराच्या पोटातला काळोखा वळणावळणाचा रस्ता.

टोळी खंदकावरच्या पुलापाशी आली. पहारेकऱ्याला पटवून आत जायचं होतं. आमच्यातला एक मुलगा वक्तृत्व स्पर्धांतला. त्याचं पात्र घुम्या ठेंगू योद्धा, माणसांत वावरायचे गुण उणे एक. त्याने उभं राहून पहारेकऱ्यापुढे भाषण ठोकलं, सोन्याच्या थैल्या कबूल केल्या. टोळीतली दुसरी मुलगी मुलखाची अबोल आहे. तिचं पात्र मात्र शाहीर, बोलण्यात +५. ती मला हळूच म्हणाली, ‘काका, मला तसं बोलता नाही येत.’

‘बोलू नकोस. तुझा शाहीर त्याला काय सांगेल तेवढं सांग.’

‘किल्लेदाराला मुलगा झालाय ना? तर आम्ही बारशाला गायला आलोय, असं.’

मुलगा झाल्याची बातमी टोळीने आधी बाजारात ऐकली होती, बाकी सगळे विसरले होते. मी डीसी १५चा १० केला. ठेंगूच्या भाषणाला मात्र काही सूट दिली नाही, कारण फाटक्या कपड्यांतल्या अनोळखी माणसाकडे सोन्याच्या थैल्या आहेत यावर पहारेकऱ्याने का विश्वास ठेवावा? वक्तृत्वाला मार्क द्यायला मी तिथे बसलेलो नाही. काय म्हणणं मांडलं, आणि समोरच्याला ते पटण्यासारखं आहे का, एवढंच बघायचं. नाहीतर ज्याची जीभ चालते त्याला दोन्हीकडून फायदा, आणि अबोल मुलीने शाहीर खेळायचाच नाही, असं होऊन बसतं. भाषण करणाऱ्याला फासाच नको, असं म्हणणारे डीएम आहेत. मला ते पटत नाही.

फासा टाकण्याआधी मी शाहीरला सांगितलं, ‘जमलं तर सरळ आत. नाही जमलं तर तो हाकलणार नाही, पण आत विचारायला जाईल, आणि किल्लेदाराला कळेल की दाराशी कोणीतरी आलंय. टाकायचा?’ ती म्हणाली, ‘टाकते.’ पाच किंवा वर पुरे होते, ऐंशी टक्के शक्यता. तीन पडले.

पहारेकरी म्हणाला, ‘थांबा इथेच, विचारून येतो,’ आणि आत गेला. आता पुलावर एकच शिपाई उरला, आणि किल्लेदाराला खबर पोचायला जेमतेम थोडा वेळ. टोळीने एकमेकांकडे बघितलं. त्या शिपायाला शाहिराने गाणं ऐकवायला घेतलं आणि बाकीचे त्याच्या पाठीमागून निसटले. तो सबंध डाव त्या तीनमुळे रंगला. ‘नाही पटलं, चला घरी’ एवढ्यावर मी थांबलो असतो, तर पुढे दुसऱ्याने फासा टाकला असता, मग तिसऱ्याने, आणि लेखातला हशा आमच्याकडेही पिकला असता. पडला तो फासा पडला, परिस्थिती बदलल्याशिवाय तीच गोष्ट पुन्हा टाकायची नाही, हे बर्निंग व्हील या खेळात नियम म्हणून लिहिलेलं आहे. कॉल ऑफ क्थुलू या रहस्यकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत दुसरी संधी आहे, पण त्यासाठी वेगळं काय करतोस ते सांगावं लागतं, आणि पुन्हा चुकलास तर याहून वाईट होईल हे ऐकून घ्यावं लागतं. दोन्ही चांगले.

पुढे अंधारी. चौघं चोरपावलांनी वर चढणार. इथे नवे डीएम हमखास घसरतात: प्रत्येकाला फासा टाकायला लावतात आणि एकाचाही चुकला की सगळे पकडले. प्रत्येकाची शक्यता ५५ टक्के असली, तर चौघांचंही जमण्याची शक्यता नऊ टक्के उरते. म्हणजे चोरून जायचं म्हटलं की पकडलेच जाणार, आणि मग पोरं चोरून जायचं सोडतात, दिसेल त्याला कापत सुटतात. पाचव्या आवृत्तीत गटाचा चेक आहे: निम्म्यांचं जमलं तर सगळ्यांचं जमलं. त्याने हीच शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. चोर वाट दाखवतो, ठेंगूच्या चिलखतावर कांबळं टाकतो, हे सगळं त्यात आलं.

रहस्यकथा खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं, पण मूळ तेच. कॉल ऑफ क्थुलू १९८१पासून खेळतात. त्यात दडलेलं शोधणं, ग्रंथालयात शोधणं अशी कौशल्यं आहेत. गोष्टीची किल्ली ज्या चिठ्ठीत आहे ती सापडायला फासा ठेवला आणि तो कोणालाच पडला नाही, की गोष्ट तिथेच ठप्प. खेळ रचणारे रॉबिन लॉज यांनी २००७मध्ये गमशू नावाची पद्धत काढली ती याच अडचणीसाठी: योग्य ठिकाणी योग्य विद्या असलेला माणूस गेला की मुख्य धागा मिळतोच, त्याचा अर्थ लावणं खेळणाऱ्यांचं काम. मी तेवढंच उचललं आहे. चिठ्ठी मिळतेच; फासा टाकायचा तो चिठ्ठी वाचताना कोणी बघितलं का, यासाठी.

लेखकांना वाटतं की फासा हो किंवा नाही एवढंच बोलतो. तसंही नाही. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात दोन साधे सहा बाजूंचे फासे टाकतात. दहा किंवा वर आले तर काम होतं, सहा किंवा खाली आले तर बिघडतं, आणि सात ते नऊ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. नुसत्या फाशांवर हा मधला पट्टा जवळजवळ बेचाळीस टक्के येतो, म्हणजे सरळ यशाहून कितीतरी जास्त वेळा गोष्टी तिथे घडतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डीएमच्या पुस्तकातही एखाद-दोन आकड्यांनी हुकलं तर किंमत घेऊन काम होऊ द्यावं असा ऐच्छिक नियम आहे. कुलूप उघडतं, पण हत्यार आत तुटून राहतं.

नॅट ट्वेंटीबद्दल, म्हणजे फाशावर थेट वीस पडण्याबद्दलही, लेखात गैरसमज आहे. वीस पडले की काहीही होतं, हा बऱ्याच टेबलांवरचा रिवाज. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात ते हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या फाशाला नाही. पोरं वीस पडल्यावर नाचतात, मी नाचू देतो. पण राजाला ‘तुझं सिंहासन मला दे’ म्हणून कोणी फासा उचलला, तर मी हात धरतो. जे होणारच नाही त्याला फासा द्यायचाच नाही, नाहीतर वीस पडल्यावर ‘नाही’ म्हणायची पाळी येते आणि डीएमचा शब्द कवडीमोल होतो.

आणि डीएमने पडद्याआड फासा टाकून आकडा बदलावा का, हा लेखकांनी ओझरता मांडलेला प्रश्न. माझ्याकडे पडदा नाही. फासे सतरंजीवर सगळ्यांसमोर पडतात. काही बदलायचं असेल, तर फाशाला विचारायचा प्रश्न आधी बदलावा, डीसी आधी सांगावा, चुकलं तर काय होईल ते आधी बोलावं. पडल्यावर हात लावायचा नाही.

शेवटी लेखकांनी हा खेळ शाळेत कौशल्य विकासाच्या तासाला घेऊन त्याचे गुण द्यावेत असं सुचवलं आहे. कृपा करून तसं नको. गुण मिळणार म्हटलं की पोरं हमखास जमेल तेवढंच करून बघतील, आणि अबोल मुलगी शाहीर घेणार नाही. शाळेने वाचनालयातलं एक टेबल आणि शनिवारचे दोन तास द्यावेत, पुस्तकं आणि फासे पोरं आणतील.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘वीस बाजूंचा फासा’ असं छापलं आहे. चित्रातला फासा बारा बाजूंचा आहे. बाजू पंचकोनी दिसतात. विसाच्या त्रिकोणी असतात.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
छत्रपती संभाजीनगर